डावखुरी गल्ली

मास्तर, काल तुमचा बारावा झाला. मी आलो होतो. तुमच्या पडवीत भिंतीला टेकून बसलो, पानात वाढलं ते जेवलो, वहिनींनी विचारलं तेवढ्याला उत्तर दिलं. रडू आलं नाही. लोक तुमच्याविषयी बोलत होते आणि मी तुमच्या आरामखुर्चीकडे बघत होतो. लाकूड फणसाचं की सागाचं, वेत कधी बदलला, मागचा पाय कोणी नवा बसवला. जन्मभर लोकांच्या घरांत शिरून मी हेच केलं, पण तुमच्या बाराव्याला, तुमच्याच घरात, मला दुसरं काही सुचू नये? बोट दारात चेमटलं की पहिल्यांदा ते बधिर होतं. तसंच काही असेल.

बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, तुमचं नि मास्तरांचं भाषेवरून फाटलं होतं ना? मी मान हलवली. खरं सांगत बसलो असतो तर त्याला वाटलं असतं, हा भ्रमलाय. आपलं भांडण हातांवरून झालं. कागदावरच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या हातांवरून.

साखळी गावात मी गोदाम घेतलं त्याच वर्षी तुम्ही शाळेसाठी जुनं कपाट बघायला आलात. तोवर मला ड्रॉइंग मास्तर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आमच्या पेडण्याजवळच्या चोपड्याच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो, तिथे एकच मास्तर सगळं शिकवायचे आणि चित्र काढलं तर मारायचे. पुढे खांद्यावर पोतं घेऊन घरोघर रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, मग मोडकी भांडी, मग मोडक्या खुर्च्या. जुनी घरं बंद होत होती. कोणी लिस्बनला चालला होता, कोणी मुंबईला. जाणाऱ्याला घाई असते आणि मला कधीच नव्हती, त्यावर मी उभा राहिलो. तुम्ही मात्र कपाट बघितल्याबरोबर वाखाणायला लागलात. काय बिजागरी आहे, काय पॉलिश आहे. मी म्हटलं, मास्तर, घेणाऱ्याने माल वाखाणला की विकणाऱ्याचं काम संपलं. आधी बोलतो तो हरतो. तुम्ही हसलात आणि मी सांगितलेल्या भावाने कपाट घेतलंत. मला लाज वाटली असं नाही, पण पुढच्या रविवारी तुम्ही नुसते बसायला आलात तेव्हा मी चहा मागवला. मी कोणाला फुकट चहा पाजत नाही.

ते चित्र बार्देशातल्या एका घरातून आलं होतं. सगळं घर मी एकगठ्ठा उचललं होतं, त्यात दाराच्या मागे टांगलेली ही तसबीर. काच बुरशीने आंधळी झालेली. मला चौकट हवी होती, शिसवाची, कोपऱ्यांना वेलबुट्टी. आतला कागद काढून टाकायला मी खिळे उपसत होतो. तुम्ही रुमालाने काचेचा एक कोपरा पुसलात आणि म्हणालात, "पळय."

तुम्ही शाळेत मराठीत शिकवत होतात, मराठीसाठी सभांना जात होतात, पत्रं लिहीत होतात. पण चित्रासमोर बसलात की तुमच्या तोंडून कोंकणीच यायची. मी काही विचारायला गेलो की म्हणायचात, "आदीं पळय, मागीर उलय." आधी बघ, मग बोल. मी या गोष्टीवरून तुम्हाला चिडवायचो. तुम्ही म्हणायचात, चित्र आईच्या भाषेत बघायचं असतं, लिहायचं ते मराठीत. या वाक्यावर वाद घालायचा राहूनच गेला.

एचिंग म्हणजे काय ते तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. जिथे मेण गेलं तिथे तेजाब तांबं खातं. पुढे त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबून छाप काढायचा. मी म्हटलं, म्हणजे गंजलेल्या पत्र्याचा ठसा. मला वाटलं तुम्ही रागवाल. तुम्ही म्हणालात, बरोबर, फक्त गंज कुठे नि किती चढवायचा ते एका माणसाने ठरवलं आहे.

चित्रात एक अरुंद गल्ली. दोन्हीकडे उंच घरं, पोपडे सुटलेली. डावीकडे कमान, मधून पायऱ्या वर गेलेल्या, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. खाली शिसपेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द आपल्याला लागेनात, ते तुम्ही एका म्हाताऱ्या पाद्रीकडून वाचून आणलेत. इटालियन होते. जुनी गल्ली, एवढंच. गाव कुठलं ते नव्हतं. मी म्हटलं, ही पेडण्याच्या बाजारामागची वाट असती तर कोणी तांबं वाया घालवलं नसतं. तुम्ही म्हणालात, घालवायला हवं होतं.

तुम्ही मला कमानीखालचा काळोख दाखवलात. एवढीशी जागा, पण कुठेच काळं फासलेलं नाही. रेषांवर रेषा, त्यांवर तिरक्या रेषा. भिंग धरल्यावर त्या काळोखात बसलेला एक चांभार निघाला. दोन रविवार मी त्याच चित्रासमोर बसलो होतो आणि तो मला दिसला नव्हता. समोरच्या भिंतीवर ऊन होतं. त्यासाठी त्या माणसाने काय केलं असं तुम्ही विचारलंत. मी बरंच शोधलं. काहीच केलं नव्हतं. कागद कोरा सोडला होता. आजूबाजूला राबायचं आणि मधे गप्प बसायचं, की तिथे ऊन पडतं. हे मला चटकन कळलं, कारण माझा धंदा असाच चालतो.

मग मी तुम्हाला काहीतरी दाखवलं, आठवतं? पायऱ्यांच्या तोंडाशी एक बाई फळांची टोपली घेऊन बसली आहे, समोर एक गिऱ्हाईक. तुम्ही म्हणालात, बोलताहेत. मी म्हटलं, त्याचं पाऊल बघा. एक पाऊल तिच्याकडे आहे, दुसरं पायरीवर चढवलंय. तो निघाल्याचं सोंग करतोय. तिलाही ठाऊक आहे, म्हणून ती वर बघत नाही. तिसऱ्या पायरीवरून तो परत येणार. तुम्ही भिंग घेतलंत, बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात की महिनाभर हे चित्र बघतोय, पण पाऊल माझ्या ध्यानात आलं नाही. खिशातली वही काढून तुम्ही त्यात काहीतरी टिपलंत. त्या संध्याकाळी फेरीबोटीतून चोपड्याला जाताना मी एका अनोळखी माणसाला उगाच सांगितलं की मला चित्रातलं कळतं.

आणखी एक गोष्ट मला दिसली होती, ती मी बोललो नाही. आमच्या धंद्यात मालातला दोष दिसला तरी आधी काढत नाहीत. तो राखून ठेवायचा आणि अगदी शेवटी, समोरचा हो म्हणायच्या बेतात असला की टाकायचा. मी तुमच्याशीही तेच केलं. त्या गल्लीतली सगळी माणसं डावखुरी होती. चांभाराची हातोडी डाव्या हातात. गिऱ्हाईकाने नाणं धरलंय ते डाव्या हातात, बाईने पुढे केलाय तोही डावा हात. पायऱ्यांवर एक पाद्री पोराच्या डोक्यावर आशीर्वाद देत उभा आहे, तोही डाव्या हाताने. आपल्याकडे डाव्या हाताने कोणी बोहनी घेईल का? आणि पाद्री आशीर्वाद उजव्या हाताने देतो हे गोव्यात राहून मला ठाऊक नाही असं तर नाही.

मग तो हॉटेलवाला आला. मुंबईचा माणूस, किनाऱ्यावर नवीन हॉटेल बांधत होता, खोल्यांत जुन्या वस्तू मांडायच्या होत्या त्याला. दोन कपाटं, एक पलंग, आरसे, सगळं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात त्याची नजर चित्रावर गेली. मी म्हटलं, हाताने काढलेलं आहे, जगात एकच. तुम्ही कोपऱ्यात स्टुलावर बसला होतात. कोणी विचारलं नसताना म्हणालात, "एकच नाही हो. छाप आहे तो. अशा पन्नासेक प्रती निघाल्या असतील."

तुम्ही पुढेही बोलत होतात, प्रत्येक छाप अस्सलच मानतात वगैरे. त्याने फक्त छाप एवढंच ऐकलं. त्याचा चेहरा बदलला. चित्र खोटं तर कपाटंही खोटी असतील, हे त्याच्या डोक्यात शिरताना मी बघत होतो. माझं डोकं फिरलं. मी तुम्हाला म्हटलं की माझ्या गोदामात बसून माझा धंदा बुडवू नका. माझे दोन गडी तिथे होते, शेजारचा हार्डवेअरवाला दारात उभा होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, खोटं सांगून विकू नकोस. तेव्हा मी राखून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. एवढं कळतं तर सांगा, म्हटलं, ही सगळी माणसं डावखुरी कशी? पाद्रीसुद्धा?

तुम्ही चित्राकडे बघितलंतही नाही. म्हणालात, "रवळू, चित्र बघायला शीक. हात बघणारे देवळाबाहेर बसतात, पोपट घेऊन."

सगळे हसले, तुम्हीही. हॉटेलवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. हसत हसतच तो काही न घेता गाडीत बसला. सौदा गेल्याचं मला काही वाटलं नाही मास्तर, सौदे जातात, येतात. तुम्ही हसलात ते मात्र मी विसरलो नाही. चार माणसांसमोर, मला जे खरोखर दिसलं होतं त्यावर.

त्याच दिवसांत भाषेचं पेटलं, राजभाषा कोंकणी की मराठी. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बस बंद, साखळीहून पेडण्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस. तुम्ही मराठीच्या सभांना जात होतात. मी दोन्ही बाजूंच्या सभांना खुर्च्या भाड्याने देत होतो आणि मला एवढंच हवं होतं की माझा टेम्पो परत यावा. आपलं बोलणं बंद झालेलं लोकांनी बघितलं आणि ठरवून टाकलं की रवळू कोंकणीवाला झाला. मी खोडून काढलं नाही. भाषेवरून भांडलो म्हटलं की माणूस जरा मोठा वाटतो. पोपटावरून भांडलो म्हणून कोणाला सांगणार?

उत्तर मला आठवड्याभरातच सापडलं. बिलावर शिक्का मारत होतो. शिक्का उलटा करून बघितला तर माझं नाव उलटं कोरलेलं. कागदावर ते सुलटं उमटतं. मी हातातलं काम टाकून बसून राहिलो. त्या इटालियन माणसाने गल्लीत उभं राहून, दिसलं तसं, सुलटं पत्र्यावर काढलं होतं. कागदावर ते उलटं आलं. माणसं डावखुरी नव्हती, गल्लीच फिरली होती. कमान खरी उजवीकडे होती. चित्रात एखादी पाटी असती, दोन अक्षरं असती, तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. घरांना डावं-उजवं नसतं आणि तुम्ही घरं बघत होतात.

तुम्ही जे बोलून माझा सौदा मोडलात, तो छाप आहे, त्यातच माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. म्हणजे तुम्हाला ते कळणारच होतं, आज ना उद्या. मग तुम्ही याल आणि म्हणाल, रवळू, तुझं बरोबर होतं. मला दुसरं काही नको होतं. हे एक वाक्य, आणि ते गोदामात, त्या दोन गड्यांसमोर आणि हार्डवेअरवाल्यासमोर.

तुम्ही आला नाहीत. मी चिडून ते चित्र चौकटीसकट तुमच्या घरी पाठवून दिलं, निरोप दिला की तुमचा छाप तुमच्याकडे ठेवा. दोन दिवसांनी माझाच गडी चौकट परत घेऊन आला. रिकामी, पुसलेली, खिळे कागदात बांधलेले. निरोप होता, रवळूला चौकट हवी होती. मी ती गोदामात आपटली. वेलबुट्टीचा एक कोपरा उडाला, तशीच मी ती एका पिंगुळीच्या माणसाला देऊन टाकली. तुम्ही ते टोमणा म्हणून केलंत की सरळ मनाने, हे मला आजवर समजलेलं नाही. तुम्ही सरळच असायचात, म्हणून जास्त राग यायचा.

मग गोव्याचं वेगळं राज्य झालं. फटाके वाजले, मी पुन्हा खुर्च्या दिल्या. तुम्ही निवृत्त झाल्याचं ऐकलं. तुमच्या घरावरून टेम्पो जायचा तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघायचो, म्हणजे बघत नाही असं दाखवून कडेने बघायचो. खिडकीत तुम्ही वाकून बसलेले दिसायचात. थांबायला काय झालं होतं? काही नाही. माझं बरोबर होतं, तेवढंच.

काल जेवणं झाल्यावर माणसं पांगली. मी चपला शोधत होतो. वहिनींनी दारात येऊन मला जरा आत बोलावलं, "रवळूबाब, मात्शें भितर येयात."

आतल्या खोलीत खिडकीखाली तुमचं टेबल. त्यावर मोठा कागद, चारी कोपऱ्यांना टाचण्या. बाजूला ते जुनं चित्र. कागदावर तीच गल्ली होती, दुपटीने मोठी, बारीक निबाने काढलेली. कमान उजवीकडे गेली होती. पायऱ्या दुसऱ्या अंगाने चढत होत्या. चांभाराच्या उजव्या हातात हातोडी. पाद्रीचा उजवा हात पोराच्या डोक्यावर. काळोख तुम्ही तसाच विणला होतात, रेषांवर रेषा, आणि उन्हाची भिंत सोडून दिली होतीत.

वहिनी सांगत होत्या. वर्षभर हेच चाललं होतं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. मी एकदा त्यांना विचारलं, एवढं कशासाठी, तर म्हणाले, तो चित्र काढणारा ज्या जागी उभा होता तिथे मला उभं राहायचं आहे. ती जागा रवळूला माझ्या आधी सापडली.

"हे ते तुम्हाला म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले की."

"आणखी कोणाला?"

वहिनी म्हणाल्या, "आणखी कोण होतं घरात?"

बघा, अशा वेळीही मी हे विचारलं. मला ते वाक्य मिळालं होतं, आणि मी साक्षीदार मोजत होतो.

मग मला बाई आणि गिऱ्हाईक दिसले. पाऊल अगदी नेमकं काढलं होतंत, टाच किंचित उचललेली. पण दोघांचे हात नव्हते. बाह्या मनगटापर्यंत आलेल्या आणि पुढे कोरा कागद. मला आधी वाटलं, तिथेही तुम्ही ऊन सोडलंय. वहिनी म्हणाल्या, हात त्यांना जमेनात. जुन्या चित्रात तिथे नुसते दोन-तीन ओरखडे आहेत, मोठं करायला गेलं की त्यात काहीच नाही. इतरांचे हात झाले. हे दोन कितीदा काढले, कितीदा खरवडले. म्हणायचे, मी कोणाचाही हात काढला तरी तो खडू धरल्यासारखाच होतो. सौदा करणाऱ्याचा हात रवळू आला की त्याला बसवून काढीन.

कागद तिथे पातळ झाला होता. बोट लावलं तर कळत होतं.

मी म्हटलं, मग बोलवायचं होतं. त्या म्हणाल्या, मी म्हटलं होतं माणूस पाठवते. नको म्हणाले, तो रागावलाय, येईल तेव्हा स्वतः येईल. त्यांच्या आवाजात दोष नव्हता. निघालेली एक टाचणी त्या अंगठ्याने परत दाबत होत्या.

मास्तर, माझा राग गेलेला नाही. खरं ते लिहितो. चौघांत हसलात, तर चौघांत बोलायला हवं होतं. गोदामात यायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती. मलाही तेवढीच. आधी बोलतो तो हरतो हे मीच तुम्हाला शिकवलं होतं, आणि एरवी माझं काही न शिकणारे तुम्ही, नेमकं हेच शिकलात. यावर मला आता कोणाशी भांडायचं तेही ठाऊक नाही. मी तुमच्या घरी बसलो असताना काही वाटलं नाही, हे लिहितानाही फारसं वाटत नाही. हात बरोबर चालतोय, अक्षरं सरळ येताहेत.

वहिनी म्हणाल्या, तुम्ही घेऊन जा, इथे कोण बघणार. टेबलासमोर तुमचं स्टूल होतं, पलीकडे खिडकीजवळ एक खुर्ची, भिंतीकडे पाठ करून ठेवलेली, माणसाला बसवायला ठेवतात तशी. मी त्या खुर्चीवर बसलो आणि उजवा हात पुढे केला. घ्यायला तयार आहे, पण अजून उघडलेला नाही, अंगठा आत, मनगट सैल. हजार वेळा केलेला हात. स्टुलावर कोणी नव्हतं. वहिनी दारात उभ्या होत्या. थोड्या वेळाने हात अवघडला, तेव्हा मी डाव्या हाताने कोपर धरलं आणि तसाच बसून राहिलो.